वेठ, लग्नगडी, उचल : एकाच दोरीची तीन नावे

'वेठ' हा मराठीतील फार जुना शब्द आहे. संस्कृत 'विष्टी'पासून तो आला, असे भाषेचे अभ्यासक सांगतात. राजाने, पाटलाने वा अंमलदाराने मोबदला न देता करून घेतलेले सक्तीचे काम हा त्याचा मूळ अर्थ. आज 'वेठीस धरणे' हा वाक्प्रचार आपण संप आणि रास्ता रोको यांच्या बातम्यांत वाचतो. 'वेठ वारणे' म्हणजे मन न लावता काम कसेबसे उरकणे. जे काम मनाविरुद्ध आणि मोलावाचून करावे लागते ते मन लावून होणार नाही, एवढे शहाणपण भाषेने या दोन शब्दांत साठवून ठेवले आहे. शब्द वाक्प्रचारात गेला म्हणून ती गोष्टही इतिहासजमा झाली, असे मात्र आपण गृहीत धरून बसलो आहोत. मीही बसलो होतो.

त्याचे असे झाले. पारनेर तालुक्यातील एका गावी युवकांच्या बैठकीत महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीने मला प्रश्न विचारला. चेहऱ्याला आणि ओठांना चकाकी देणाऱ्या प्रसाधनांत अभ्रक घालतात आणि ते अभ्रक झारखंडात लहान मुले वेचतात, असे तिच्या वाचनात आले होते. "फादर, असे आपल्याकडे होत नाही ना?" असे तिने विचारले. "नाही, आपल्याकडे तसे नाही," असे उत्तर मी देऊन टाकले. घरी परतताना मात्र त्या उत्तराची मला लाज वाटू लागली. प्रश्न विचारणारी मुलगी वीस वर्षांची होती. उत्तर देणाऱ्याची पन्नाशी उलटली होती आणि त्याचे निम्मे आयुष्य याच जिल्ह्यात गेले होते. त्या घाईच्या उत्तराची ही दुरुस्ती आहे.

अभ्रकाची टोपली

प्रथम त्या मुलीने वाचलेली हकिगत पाहू, कारण ती खरी आहे. अभ्रक आपल्याला अपरिचित नाही. आयुर्वेदातील अभ्रकभस्म सर्वांना ऐकून ठाऊक असते, आणि जुन्या विजेच्या इस्त्रीत उष्णतेच्या तारा ज्या पातळ, पारदर्शक पापुद्र्यावर गुंडाळलेल्या असत तो पापुद्रा अभ्रकाचाच. झारखंडातील कोडरमा व गिरिडीह आणि बिहारमधील नवादा या जिल्ह्यांच्या पट्ट्यात इंग्रजांच्या काळापासून अभ्रकाच्या खाणी चालल्या. वीज त्यातून वाहत नाही आणि उष्णतेने ते जळत नाही, म्हणून विजेच्या व रेडिओच्या यंत्रांसाठी त्याला जगभर मागणी होती. दुसऱ्या महायुद्धात तर तो युद्धोपयोगी माल ठरला. पुढे त्याला पर्यायी पदार्थ निघाले, मागणी ओसरली. 1980 साली वन संवर्धन कायदा आला आणि जंगलातील बहुतेक खाणींचे परवाने संपुष्टात आले.

खाणी कागदावर बंद झाल्या. डोंगर आणि त्यावर जगणारी माणसे तेथेच राहिली. जुन्या खाणींच्या राडारोड्यात राहिलेले अभ्रकाचे तुकडे वेचणे हा त्यांचा धंदा झाला. या तुकड्यांना तिकडे 'ढिबरा' म्हणतात. नेमक्या याच काळात प्रसाधने, मोटारींचे रंग आणि छपाईची शाई यांना मोत्यासारखी झळाळी देण्यासाठी अभ्रकाच्या भुकटीला नवी मागणी आली. इस्त्रीसाठी मोठा, अखंड पापुद्रा लागतो. चकाकीसाठी चुरासुद्धा चालतो. चुरा वेचायला लहान बोटे आणि अरुंद बिळांत शिरणारी लहान शरीरे सोयीची पडतात. 2016 साली युरोपातील संशोधकांनी या पट्ट्यात काम करणाऱ्या मुलांचा अंदाज 22,000 पर्यंत मांडला. त्याच वर्षी एका वृत्तसंस्थेच्या शोधात दोन महिन्यांत निदान सात मुले खाणींत दगावल्याचे व त्यांतील बहुतेक मृत्यू दडपले गेल्याचे उघड झाले. त्यानंतर 2017 साली अनेक मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन पॅरिसमध्ये 'रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह' ही संस्था स्थापन केली; काही उत्पादकांनी प्रयोगशाळेत तयार केलेले अभ्रक वापरायला सुरुवात केली. 2019 साली राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या पाहणीत झारखंडाच्या अभ्रकपट्ट्यातील 6 ते 14 वयाची 4,545 मुले शाळेत जात नसल्याचे आढळले.

या हकिगतीतील एक बारकावा लक्षात ठेवावा. व्यापारी ढिबरा किलोवर घेतो. त्याचा काटा टोपली तोलतो. टोपली कोणी भरली हे काटा विचारत नाही. मूल दिवसभर राबते, पण हिशेबात त्याचे नाव कोठेच येत नाही. एवढे ध्यानात ठेवून आता आपल्या जिल्ह्याकडे वळू.

वतनाची वेठ

अहमदनगर जिल्ह्यातील (2024 पासून त्याचे नाव अहिल्यानगर आहे) आपल्या ख्रिस्ती समाजाच्या अनेक घराण्यांचे पूर्वज गावगाड्यात महार-मांग वतनदार होते. 'वतनदार' हा शब्द कानाला भारदस्त वाटतो. या वतनाचा अर्थ असा, की गावच्या सीमेची राखण, सरकारी टपाल व निरोप पोचवणे, दौऱ्यावर आलेल्या अंमलदाराचे ओझे वाहणे, त्याच्या घोड्याला गवत आणि चुलीला लाकूड पुरवणे, मेलेली जनावरे ओढणे, ही सर्व कामे हाक येईल त्या वेळी, रात्री-अपरात्री करायची. मोबदला म्हणून इनामाचा एखादा तुकडा आणि सुगीच्या वेळी खळ्यावर मिळणारे बलुते. वतन घराण्याचे असल्यामुळे वेठही घराण्याची होती. बाप आजारी असला तर मुलाने जायचे, मुलगा नसला तर बाईने. मुलाच्या वयाचा प्रश्न कोणी काढत नसे. बाप्तिस्मा घेतल्याने ही कामे आपोआप सुटत नव्हती. मिशन शाळांतील मुलांची गैरहजेरी सुगीत आणि अंमलदारांच्या दौऱ्याच्या दिवसांत का वाढत असेल, ते यावरून कळून येईल.

या व्यवस्थेवर कायद्याने पहिला घाव घालण्याचा प्रयत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी केला. 1928 च्या मार्चमध्ये मुंबई कायदे मंडळात त्यांनी 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. वतनदाराने किती वेळ, कोणाचे, कोणते काम करायचे याची निश्चिती नाही आणि पगार मात्र नाममात्र, ही गुलामगिरी आहे, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. ते विधेयक त्यांना मागे घ्यावे लागले. 1937 साली त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. या लढ्यातील एक मोठी परिषद आपल्याच जिल्ह्यात भरली, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. डिसेंबर 1939 मध्ये हरेगाव येथे महार, मांग आणि वेठिया वतनदारांची परिषद डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली झाली. हरेगाव म्हटले की आपल्याला मतमाउलीची सप्टेंबरमधील यात्रा आठवते. तिकडे जाताना यापुढे ही परिषदही आठवावी, कारण परिषदेच्या नावात 'वेठिया' हा शब्द जसाच्या तसा आहे. स्वातंत्र्यानंतर 1958 च्या कायद्याने ही कनिष्ठ ग्राम वतने रद्द झाली.

पारनेरचे सुपुत्र सेनापती बापट यांचाही येथे उल्लेख केला पाहिजे. विलायतेहून क्रांतिकार्य करून परतलेल्या या विद्वान माणसाने आपल्या गावी हातात झाडू घेतला आणि रस्ते झाडले. जे काम जन्माने लादले जात होते ते त्यांनी आपखुशीने केले. स्वतः निवडलेले श्रम आणि लादलेले श्रम यांतला फरक पारनेरकरांना समजावण्यासाठी वेगळ्या व्याख्यानाची गरज राहिली नसेल.

लग्नगडी

वतनाच्या वेठीला जन्माचा आधार होता. ठाणे जिल्ह्यात त्याच काळी वेठीचा दुसरा प्रकार प्रचलित होता आणि त्याला कर्जाचा आधार होता. वारली, कातकरी तरुणाने लग्नासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून थोडे रुपये आणि धान्य घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचे. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. कर्ज कधी फिटत नसे, कारण हिशेब मालकाच्या वहीत असे आणि वही वाचता येणारा एकटा मालकच असे. लग्न करून आणलेली बायको त्याच कर्जात राबत असे आणि पुढे मुलेही. 1930 च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारच्या सेवेतील डी. सिमिंग्टन यांनी आदिवासी भागांविषयी केलेल्या अहवालात या प्रथेची नोंद आहे. 1945 साली शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने वारली उठले. 23 मे 1945 रोजी तलासरीजवळच्या झरी येथे हजारो वारल्यांनी वेठ करणार नाही असे ठरवले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे त्यांच्यावर गोळीबार झाला व माणसे मारली गेली. तरी वेठ परत आली नाही, असे आपल्याला पाठ्यपुस्तकांतून सांगितले जाते.

ती परत आली होती. 1980 च्या दशकाच्या आरंभी वसई तालुक्यात, म्हणजे आपल्या समाजाच्या सर्वांत जुन्या वस्तीच्या अगदी शेजारी, विवेक आणि विद्युल्लता पंडित या तरुण दांपत्याला लग्नासाठी घेतलेल्या काहीशे रुपयांपायी वर्षानुवर्षे राबणारी आदिवासी माणसे आढळली. त्यांच्या 'विधायक संसद' आणि 'श्रमजीवी संघटना' या संस्थांनी कायद्याचा आधार घेऊन त्यांना मुक्त केले, मारही खाल्ला. वीटभट्ट्यांवरच्या मुलांसाठी त्यांनी पुढे 'भोंगाशाळा' काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुराची झोपडी. 1999 साली लंडनच्या 'अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल' या संस्थेने या दांपत्याला आपला पुरस्कार दिला. वसईत तेव्हा आपली चर्चेस होती, शाळा होत्या, पतपेढ्या होत्या. ही माणसे आपल्याला आधी का दिसली नाहीत, हा प्रश्न मी स्वतःला धर्मगुरू म्हणून विचारतो. उत्तर बहुधा असे, की ती माणसे कोणाच्या तरी वाडीवर 'कामाला' होती, आणि 'कामाला आहे' या शब्दांपुढे चौकशी करण्याची आपल्याला सवय नव्हती.

कायदा काय सांगतो

कायद्याने मात्र हे केव्हाच ओळखले होते. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही श्रम आयोगाने 1929 ते 1931 या काळात देशभर फिरून पाहिले तेव्हा विडी, गालिचे यांसारख्या धंद्यांत आई-बापांनी उचललेल्या रकमेपोटी मुले कारखानदाराकडे गहाण ठेवलेली आढळली. त्यातून 1933 साली मुलांच्या श्रमाचे गहाण रद्द ठरवणारा कायदा झाला. पंधरा वर्षांखालील मुलाचे श्रम आगाऊ रकमेपोटी बांधून देण्याचा करार त्याने निरर्थक ठरवला. असा करार करणाऱ्या आई-बापांना 50 रुपयांपर्यंत आणि मालकाला 200 रुपयांपर्यंत दंड होता. रकमा लहान वाटतात; त्यामागची जाण मोठी होती. मूल गहाण टाकता येत नाही, हे तत्त्व 1933 साली आपल्या कायद्यात लिहिले गेले.

स्वतंत्र भारताच्या घटनेतील 23 व्या कलमाने माणसांचा व्यापार आणि 'बेगार' यांना बंदी केली. इंग्रजीत लिहिलेल्या घटनेत हा आपला देशी शब्द जसाच्या तसा ठेवावा लागला, कारण परक्या भाषेत त्याला पुरता प्रतिशब्द नव्हता. 24 व्या कलमाने चौदा वर्षांखालील मुलांना कारखाने, खाणी आणि धोक्याच्या कामांवर ठेवण्यास मनाई केली. 1975 च्या ऑक्टोबरात वटहुकूम निघाला आणि 1976 साली वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा झाला. या कायद्याची तीन कलमे प्रत्येक सुशिक्षित माणसाला माहीत असावीत. पहिले, वेठीचे सर्व कर्ज त्या दिवसापासून बुडाले. ते वसूल करणे हाच गुन्हा. दुसरे, कर्ज वेठीचे नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर आहे, मजुरावर नाही. तिसरे, प्रत्येक जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समिती असली पाहिजे. पुढे सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या मजुरांच्या खटल्यात किमान वेतनाहून कमी मोलावर करून घेतलेले काम हेही सक्तीचेच काम ठरवले. 1983 च्या बंधुआ मुक्ती मोर्चाच्या निकालात, सक्तीने राबवलेला मजूर दिसला की त्यामागे आगाऊ रक्कम आहे असे गृहीत धरावे, असे सांगितले.

आगाऊ रकमेला मराठीत एक साधा शब्द आहे : उचल.

कोयता

पहिल्या महायुद्धानंतर प्रवरेच्या कालव्यांनी जिल्ह्याच्या उत्तर भागात ऊस आणला. हरेगावी बेलापूर कंपनीचा कारखाना उभा राहिला. 1950 च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला, आणि शेतकरी कारखान्याचा मालक होऊ शकतो हे जगाला दिसले. त्या कर्तृत्वाला उणेपणा आणण्याचा माझा हेतू नाही. पण ऊस तोडायला माणसे लागली, आणि ती पाथर्डी, शेवगाव, आष्टी, बीड अशा कोरडवाहू मुलखातून आली. दसरा-दिवाळीनंतर निघायचे, होळी-पाडव्यानंतर परतायचे, असा त्यांचा क्रम तेव्हापासून चालू आहे.

या धंद्याचा हिशेब 'कोयत्या'वर होतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. पावसाळ्यात, घरात दाणा नसतो तेव्हा, मुकादम जोडीला उचल देतो. अलीकडे ती पन्नास हजारांपासून लाख, सव्वा लाखापर्यंत जाते. हंगामात तोडलेल्या टनांतून ती फेडायची. एक दिवस काम चुकले तर 'खाडा' म्हणून रक्कम कापली जाते, मग ते आजारपण असो की बाळंतपण. ऊस कमी निघाला, पाऊस लवकर आला, कारखाना लवकर बंद झाला, तर उरलेली बाकी पुढच्या हंगामावर चढते. पुढच्या वर्षी जावे की न जावे, हा निर्णय मग त्या जोडीच्या हाती राहत नाही. कारखान्याच्या दफ्तरी मजूर नाहीत, मुकादमाशी करार आहे. मुकादमाच्या दफ्तरी कोयते आहेत. मुले दोन्हीकडे नाहीत.

मुले फडात मात्र असतात. पहाटे चारला आई-बाप कोपीतून निघतात तेव्हा थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, चूल पेटवते. दहा-बारा वर्षांचा मुलगा पाचट बाजूला करतो, मोळ्या बांधायला मदत करतो, जनावरांसाठी वाढे गोळा करतो. त्याने तोडलेला ऊस टनात मोजला जातो. त्याची वेगळी मजुरी कोणी मोजत नाही. झारखंडाच्या काट्याची मला येथे आठवण होते.

या व्यवस्थेने आयांच्या देहाचे काय केले, ते 2019 साली उघड झाले. विधानपरिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे बीड जिल्ह्यातील पाहणीचे आकडे आले. पाहणी केलेल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली होती. पाळीच्या त्रासाने खाडा पडू नये, हे त्यामागच्या कारणांपैकी एक होते. 2024 च्या मार्चमध्ये अमेरिकेतील वृत्तपत्राने या उचलीचा माग परदेशी शीतपेयांच्या कंपन्यांपर्यंत काढला. साखरेचा प्रवास तेथे संपत नाही. मळीपासून मद्यार्क बनतो आणि मद्यार्क अत्तरांत आणि प्रसाधनांतही जातो. त्या मुलीने विचारलेली साखळी आमच्या जिल्ह्याला बाहेरून वळसा घालून जात नाही.

सरकारने आणि समाजाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. 'जनार्थ' या संस्थेने कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालवल्या. मागे राहणाऱ्या मुलांसाठी शासनाने हंगामी वसतिगृहांची योजना केली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले. 2024 च्या आरंभी तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ मान्य झाली. पण दर वाढला तरी उचल उचलच राहिली.

मेंढ्यांमागचे मूल

2022 सालच्या सप्टेंबरात एक बातमी आली. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्याच्या एका कातकरी वाडीतील दहा वर्षांची मुलगी रुग्णालयात मरण पावली. तिला अत्यवस्थ अवस्थेत रात्री तिच्या झोपडीपाशी कोणी तरी आणून टाकले होते. चौकशीत असे निघाले, की काही हजार रुपये आणि एखादी मेंढी यांच्या बदल्यात तिला नगर जिल्ह्यातील मेंढपाळाकडे राबायला दिले होते. मग तिच्यासारखी आणखी मुले उजेडात आली. त्यांतील काही सहा-सात वर्षांची होती. त्यांनी मेंढ्या हाकल्या, शेणलेंड्या काढल्या, मार खाल्ला. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने स्वतःहून दखल घेऊन राज्य सरकारला नोटीस पाठवली, गुन्हे दाखल झाले.

मुलांचे श्रम गहाण ठेवता येत नाहीत असे लिहिणाऱ्या कायद्याला त्या वर्षी 89 वर्षे झाली होती.

पारनेरच्या पठारावर राहणाऱ्या माणसाला मेंढ्यांचा कळप हे नित्याचे दृश्य आहे. ढवळपुरीकडचे धनगर बांधव दिवाळीनंतर वाडे घेऊन घाट उतरतात; त्यांच्या घोड्यांवर बिऱ्हाड, कोंबड्या, कोकरे आणि लहान मुले असतात. त्या समाजाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. धनगरही चराऊ रानांतून हाकलला गेलेला, उन्हापावसात राहणारा कष्टकरी आहे. पण कळपामागे चालणारे प्रत्येक मूल त्या घरचेच असते असे मी आजवर धरून चाललो होतो. कळपाला रस्ता देण्यासाठी गाडी थांबवून मी किती वेळा ते दृश्य कौतुकाने पाहिले असेल! मुलाला नाव विचारल्याचे एकदाही आठवत नाही. माझ्या त्या 'नाही' या उत्तराच्या मुळाशी हेच न विचारणे होते.

कातकऱ्याने आपले मूल का दिले, असे काही जण रागाने विचारतात. कातकरी ही राज्यातील सर्वांत मागे राहिलेल्या आदिम जमातींपैकी एक. पुष्कळांना स्वतःची जमीन नाही, झोपडी ज्या जागेवर आहे ती जागाही बहुधा दुसऱ्याची. कामासाठी तो वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातो, तोही उचल घेऊन. जो स्वतः आयुष्यभर उचलीवर राबतो त्याला मूल उचलीवर देणे हे पाप म्हणून कळण्याआधी रीत म्हणून कळते. वतनाच्या काळात आपल्या पणजोबांनाही ती रीतच वाटत असणार.

दोरी कोठे तुटली

ही दोरी तुटत नाही असे नाही, आणि तुटल्याचे दाखले पारनेरच्या घराघरांत आहेत. या दुष्काळी तालुक्यातून मुंबईला हमाली करायला गेलेल्या माणसांना एके काळी टोळीचा मुकादमच काम देई आणि तोच पैसे कापून घेई. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून 1969 साली माथाडी कायदा झाला. मजुराची नोंद मंडळाकडे झाली, मालकाने पैसे मंडळात भरायचे आणि मजुराने ते तेथून घ्यायचे, असा क्रम ठरला. हिशेबाची वही मुकादमाच्या हातून गेली. माथाडीचा मुलगा शिकू लागला तो त्यानंतर.

1972 च्या दुष्काळात सुरू झालेल्या आणि 1977 साली कायदा झालेल्या रोजगार हमी योजनेने माणसाला खडी फोडायला लावले खरे, पण सावकाराला 'नको' म्हणण्याची सोयही दिली. पुढे राळेगणसिद्धी आणि शेजारचे हिवरेबाजार येथे गावकऱ्यांनी पाणी अडवले. आपले फादर हर्मन बाखर यांनी याच जिल्ह्यात पाणलोटाचे काम उभे केले आणि 1993 साली 'वॉटर' ही संस्था त्यातून निघाली. पाणी ज्या गावात थांबते त्या गावातून माणूस बाहेर जातो तो आपल्या इच्छेने, पावसाळ्यातल्या उपासमारीच्या उचलीने नव्हे.

या तिन्ही दाखल्यांचा अर्थ एकच लागतो. ऊसतोड मजुरालाही माथाडीप्रमाणे नोंदणी, थेट खात्यात मजुरी आणि कारखान्याची मालक म्हणून जबाबदारी मिळाली, तर उचलीचा फास सैल होईल. दक्षता समित्या कागदावरून उठून फडात गेल्या, तर मुले दिसतील. मुक्त झालेल्या वेठबिगाराला पुनर्वसनासाठी 2016 च्या केंद्रीय योजनेनुसार पुरुषाला एक लाख, स्त्रिया व बालकांना दोन लाख आणि अतिशय हालाच्या प्रकरणी तीन लाख रुपयांपर्यंत मदत आहे. त्यासाठी प्रांताधिकाऱ्याचे मुक्ती प्रमाणपत्र लागते, आणि ते मागायला मजुराबरोबर कोणी तरी साक्षर, न घाबरणारा माणूस जावा लागतो. आपल्या समाजात असे शिक्षक, परिचारिका, निवृत्त सरकारी नोकर पुष्कळ आहेत.

पुढच्या बैठकीत मी त्या मुलीला माझे उत्तर दुरुस्त करून सांगितले. चकाकीच्या डबीवर सी.आय. 77019 असा आकडा असला तर ते अभ्रक आहे, ते कोठून आले असे कंपनीला जरूर विचार, असे मी तिला म्हणालो. पण त्याबरोबर येत्या हंगामात आपल्या शिवारालगत कोप्या पडतील, तेव्हा तेथील मुलांची नावे, वय आणि शेवटची इयत्ता लिहून आण, म्हणजे आपण जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे जाऊ, असेही म्हणालो. शिक्षण हक्क कायदा 2009 सालचा आहे. हंगामाच्या मध्येही प्रवेश नाकारता येत नाही.

तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी एक वही आणली आहे. वतनाच्या, सावकाराच्या आणि मुकादमाच्या वह्यांत ज्यांचे नाव कधीच आले नाही, त्यांची नावे या वहीत यावीत आणि तेथून शाळेच्या हजेरीपत्रकात जावीत, एवढीच त्या मुलींची आणि माझी इच्छा आहे. वाचकांपैकी ज्यांच्या गावाशेजारी ऊस, वीटभट्टी वा मेंढ्यांचे वाडे आहेत, त्यांनीही अशी एक वही करावी.